पाहुण्यांची सोसायटी, 11 टक्के व्याज आणि तुमचे 34 लाख

बेळगावच्या अनगोळहून एका वाचकाचं पत्र आलंय, थोडं कापून देते.

"ताई, उद्यमबागच्या एका फाउंड्रीत 31 वर्षं काढली, मागच्या महिन्यात घरी बसलो. वय 60 पूर्ण, मिसेस 57. पीएफचे 23 लाख आणि ग्रॅच्युइटीचे 6 लाख खात्यात आलेत, आधीची 5 लाखांची एफडी एका को-ऑपरेटिव्ह बँकेत आहे. ईपीएसची (पीएफबरोबरची) पेन्शन 4,200 येते, वरच्या खोल्यांचं भाडं 5,000. महिन्याचा खर्च 28,000, त्यात मिसेसची भिशी 2,000. मुलगी कोल्हापुरात दिली, मुलगा पुण्यात आयटीत. मुलगा म्हणतो सगळं म्युच्युअल फंडात टाका नि महिन्याला काढत राहा, 12 टक्के सहज सुटतात. आमचे एक पाहुणे, सोयरेच, सौहार्द सोसायटीचे (पतसंस्थेसारखी सहकारी संस्था) चेअरमन आहेत, मुलीच्या लग्नात लई राबलेत आमच्यासाठी, ते म्हणतात 11 टक्के देतो, व्याज दर महिन्याला घरपोच. मिसेस म्हणते पोस्टात टाका आणि गप बसा. मला 1 तारखेला पगारासारखे पैसे आले पाहिजेत, एवढंच. पाहुण्यांना काय सांगू तेवढं पण सांगा."

दादा, पत्र वाचून हसू आलं, रागावू नका. 34 लाखांच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आधीच देऊन झालंय आणि तुम्ही ते माझ्याकडे विचारायला आलाय. वहिनींचं बरोबर आहे. मला फक्त त्यांच्या "गप बसा"मध्ये थोडी भर घालायची आहे कारण नुसतं गप बसून 25 वर्षं निघत नाहीत, पण दिशा तीच.

आणि अजून एक सांगते, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्यच खरं पत्र आहे. पैसे कुठे ठेवावेत हे तुम्हाला कळतं, 31 वर्षं भट्टीसमोर काढलेल्या माणसाला जोखीम काय असते ते मी शिकवायचं म्हणजे अतीच झालं. तुम्हाला अडवतेय ती भीड. लग्नात राबले, आता नाही कसं म्हणायचं. आपल्या भागात रिटायर झालेल्या माणसाचा पैसा शेअर बाजाराने जेवढा खाल्ला नसेल तेवढा भिडेने खाल्लाय असं माझं मत आहे, बँकेच्या काउंटरमागे 27 वर्षं बसून झालेलं मत आहे, कुणाला पटो न पटो.

आमच्या घरचंच सांगते. वडील शाळामास्तर. रिटायर झाले तेव्हा आमच्याच गल्लीतली एक सोसायटी होती, नाव घेत नाही, चेअरमन आमच्याच नात्यातले, रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसणारे. दर महिन्याला 5 तारखेला पोरगा पांढरं पाकीट घेऊन यायचा, वर पेनने रक्कम लिहिलेली, आई स्टेपलरची पिन नखाने काढायची, नोटा दोनदा मोजायची आणि मग ते पाकीट फाडून उलटं करून त्याच्या कोऱ्या बाजूला वाण्याची यादी करायची. तीन वर्षं पाकीट चुकलं नाही. चौथ्या वर्षी गणपतीच्या आधी एक महिना चुकलं, मग दोन. वडील ऑफिसात गेले की काउंटरवरचा माणूस म्हणायचा "मास्तर, नाळे बर्री". उद्या या. तुम्हाला आठवत असेल, पूर्वी आपल्या कर्नाटकात लोक दारावर खडूने "नाळे बा" लिहायचे, रात्री भूत येऊन दार वाजवतं, ते वाचून परत जातं, उद्या येतो म्हणून, आणि उद्या पण तेच लिहिलेलं असतं. इथे लिहिणारे ते होते आणि भूत आम्ही.

पैसे थोडे परत मिळाले, बरेच बुडाले. पण मला आजही सलतं ते वेगळंच, वडिलांनी तक्रारच केली नाही. बाकीचे लोक अर्ज घेऊन फिरत होते आणि आमचे मास्तर घरात बसून, काय तर त्यांची मुलगी आपल्या चुलतभावाकडे दिलीय, लग्नकार्यात तोंड कसं दाखवायचं. तोंड त्यांनी लपवायला पाहिजे होतं ना ओ.

आता लगेच असं समजू नका की मी सगळ्या सोसायट्यांना एका माळेत ओवतेय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी ह्या पट्ट्यात चाळीस-चाळीस वर्षं नीट चाललेल्या संस्था आहेत, बँक दारात उभं करत नव्हती तेव्हा बैलासाठी, मागासाठी, पोरीच्या लग्नासाठी त्यांनीच पैसे दिलेत लोकांना. तुमच्या पाहुण्यांची संस्था पण तशीच चांगली असेल. पण चांगली असली तरी तुमच्या पीएफची जागा ती नाही, का ते सांगते.

बँक बुडाली तर माणशी 5 लाखांपर्यंतची ठेव विम्यात असते, मुद्दल आणि व्याज दोन्ही मिळून 5 लाख, त्या विम्याला डीआयसीजीसी म्हणतात, फेब्रुवारी 2020 पासून ही रक्कम 5 लाख आहे, आधी 1 लाखच होती. हा विमा रिझर्व्ह बँकेचं लायसन असलेल्या बँकांना, त्यात को-ऑपरेटिव्ह बँका पण आल्या. सौहार्द सोसायटीला, पतसंस्थेला, मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीला तो नाही. बोर्डावर काहीही लिहू दे, आतला काउंटर काचेचा असू दे, टोकन मशीन असू दे, ती बँक नाही. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये लोकांना सावध पण केलं होतं की काही सोसायट्या नावात बँक शब्द लावतायत, त्यांना ती परवानगी नाही. आणि बुडाल्यावर केस होते, कर्नाटकात ठेवीदारांसाठी 2004 चा कायदा आहे, मालमत्ता जप्त होते, सगळं होतं, फक्त त्याला किती वर्षं लागतील ते तुमच्या वयाला विचारून होत नाही.

बरं आता 11 टक्क्यांचा हिशोब बघा. समजा 10 लाख तिथे ठेवले. वर्षाला 1,10,000. तेच सरकारच्या सीनियर सिटिझन स्कीमला 8.2 टक्क्यांनी 82,000. फरक 28,000, म्हणजे महिन्याला 2,333. हे 2,333 रुपये तुम्हाला कशाबद्दल मिळतायत? 10 लाख विम्याशिवाय उघड्यावर ठेवल्याबद्दल. आणि ते 10 लाख गेले तर ह्या जादाच्या व्याजातून भरून निघायला जवळजवळ 36 वर्षं लागतील, तुम्ही 96 चे व्हाल. शिवाय 11 टक्के द्यायचे म्हणजे संस्थेला ते पैसे कुणाला तरी त्याच्यापेक्षा चढ्या दराने द्यावे लागणार, आणि एवढ्या चढ्या दराने कर्ज घेणारा माणूस स्वस्त बँक सोडून इथे का आला, ह्याचं उत्तर चेअरमनसाहेबांकडे असेल तर जरूर ऐका.

पाहुण्यांना काय सांगायचं? खोटं सांगायचं नाही आणि भांडायचं पण नाही. तुम्ही आधी पैसे सरकारी स्कीममध्ये टाकून मोकळे व्हा आणि मग त्यांना भेटा. "पाहुणं, पैसे पाच वर्षं अडकलेत, मध्ये काढलं तर दंड बसतोय." हे शंभर टक्के खरं आहे. क्रम उलटा झाला की संपलं, म्हणजे आधी चहा प्यायला गेलात, त्यांनी फॉर्म पुढे केला, तर तुम्ही सही करून येणार, मला माहितेय. आणि अगदीच मन मानत नसेल तर 25-30 हजार ठेवा त्यांच्याकडे, लग्नात आहेर केल्यासारखे, परत आले तर आले. त्याच्या वर एक रुपया नको.

आता पोराचं. पोरगा हुशार आहे, चुकीचं बोलत नाही, फक्त स्वतःच्या वयाचं बोलतोय. त्याला पगार चालू आहे, बाजार पडला तर तो म्हणणार चला स्वस्तात मिळतंय. तुमचं उलटं. 2020 च्या जानेवारीत सेन्सेक्स 42 हजारांच्या वर जाऊन आला होता, 23 मार्चला 26 हजारांच्या खाली बंद झाला, दोनच महिन्यांत. सगळे 34 लाख शेअर फंडात असते तर कागदावर 21 लाखांच्या आसपास दिसले असते आणि त्या 21 मधून पण तुम्हाला दर महिन्याला 18-19 हजार काढायचेच होते कारण किराणा थांबत नाही. पडलेल्या भावात युनिट, म्हणजे फंडातले तुमचे हिस्से, विकत राहिलं की बाजार वर आल्यावर वर यायला युनिटच कमी उरतात, इथे सगळा घोळ आहे. तो म्हणेल त्याच वर्षी बाजार सावरला, हो सावरला, पण 2008 ला जानेवारीत 21 हजारांजवळ असलेला सेन्सेक्स त्याच वर्षी 9 हजारांच्या खाली गेला होता आणि जुनी उंची गाठायला काही वर्षं गेली. 12 टक्के सरासरी असते दादा, दर महिन्याला हातात येणारी गोष्ट नाही. तरी पोराला पूर्ण उडवून लावू नका, त्याचं पण थोडं ऐकणार आहोत आपण, खाली येते.

आता तुमच्या 1 तारखेचा हिशोब लावू. खर्च 28,000, पेन्शन आणि भाडं मिळून 9,200 येतात, राहिले 18,800. ते उभे करायचेत.

सगळ्यात मोठा वाटा, 22 लाख, सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम. तुम्हाला 60 पूर्ण झालीत म्हणजे रिटायरमेंटचे दाखले वगैरे काही दाखवायला लागत नाहीत. मर्यादा माणशी 30 लाख, 2023 पर्यंत ती 15 होती. दर एप्रिल 2023 पासून 8.2 टक्के चालू आहे, नवीन पैशांचा दर सरकार दर तीन महिन्यांनी ठरवतं म्हणून जायच्या दिवशी विचारून घ्या, पण एकदा तुम्ही पैसे टाकले की त्या दिवसाचा दर पाच वर्षं बदलत नाही. 22 लाखांवर वर्षाला 1,80,400, म्हणजे दर तीन महिन्यांनी 45,100. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी, ह्या महिन्यांच्या सुरुवातीला येतात.

इथे लोक फसतात, फसतात म्हणजे स्वतःच. 45 हजार एकदम आले की घरात जत्रा भरते. पहिल्या महिन्यात मिक्सर, पोरीकडे कोल्हापूरला चक्कर, नातवाला सायकल, आणि तिसऱ्या महिन्यात भाजी उधार. तर असं करा, व्याज ज्या खात्यात येतं ते खातं वेगळं ठेवा, त्याचं एटीएम कार्ड घेऊच नका किंवा वहिनींच्या कपाटात साडीखाली जाऊ दे, आणि बँकेला स्टँडिंग इन्स्ट्रक्शन द्या की दर 1 तारखेला 15,000 घरखर्चाच्या खात्यात टाका. झाला पगार. तुम्हाला 1 तारखेला मोबाईलवर मेसेज पाहिजे ना, येईल. म्हणूनच ही स्कीम पोस्टापेक्षा तुमचं बचत खातं असलेल्या सरकारी बँकेत काढलेली मला बरी वाटते, हे असलं फिरवाफिरवीचं काम बँकेत सोपं पडतं. वहिनींना सांगा स्कीम तीच सरकारची, व्याज तेच, खिडकी तेवढी वेगळी.

अजून एक युक्ती. 22 लाख एका खात्यात ठेवू नका, तीन खाती काढा, 10, 7 आणि 5 असे. मर्यादेच्या आत कितीही खाती चालतात. उद्या अचानक गरज लागली तर 5 चं एकच मोडाल, बाकी शाबूत. मोडायचे नियम लक्षात ठेवा, वर्षाच्या आत मोडलं तर व्याज काहीच नाही आणि दिलेलं पण मुद्दलातून कापून घेतात, एक ते दोन वर्षांत दीड टक्का कापतात, दोन वर्षांनंतर एक टक्का. लाखाच्या वरची रक्कम चेकनेच द्यायची.

मग 4 लाख पोस्टाच्या मंथली इनकम स्कीममध्ये. वहिनींचं पोस्ट राहिलं म्हणून नाही, दर महिन्याला व्याज देते म्हणून. 7.4 टक्क्यांनी महिन्याला 2,466 रुपये येतात. एकट्याच्या नावावर 9 लाखांपर्यंत, दोघांच्या नावावर 15 लाखांपर्यंत चालते, तुम्ही दोघांच्या नावावरच काढा. ह्यात वर्षाच्या आत पैसे काढताच येत नाहीत, पुढे तीन वर्षांपर्यंत मोडलं तर दोन टक्के जातात.

म्हणजे 15,000 आणि 2,466, साडेसतरा हजार झाले. 9,200 धरून 26,700. तुम्ही म्हणाल ताई 28,000 सांगितले होते, 1,300 कमी पडले. नाही पडले. वहिनींची भिशी हा खर्च नव्हे ओ, ते पैसे परत येतात, नंबर लागला की एकदम येतात. तुम्ही तो खर्चात धरलाय कारण तुमच्या हातून जातात आणि परत येतात ते तुमच्या हातात येत नाहीत. खरा खर्च 26,000 आहे. घरपट्टी, गणपती, विम्याचा हप्ता असले वर्षातून एकदा येणारे खर्च भिशीच्या पैशातून करता येतात का ते वहिनींशी बोला, गोड बोला. तरी महिना ओढाताणीचा वाटला तर पुढे सांगते त्या एफडीचं व्याज आहेच.

जुनी 5 लाखांची एफडी आत्ता मोडू नका, उगीच व्याज जाईल. पिकली की त्यातले 4 लाख अडीअडचणीला ठेवा, 2 त्याच बँकेत, 2 दुसऱ्या सरकारी बँकेत. आत्ता ती विम्याच्या काठावर आहे, 5 लाख आणि वर साचलेलं व्याज म्हणजे थोडं बाहेरच गेलंय. हे पैसे दवाखान्याचे. तुमच्या पत्रात दवाखान्यावर एक ओळ नाही आणि तुम्ही 31 वर्षं फाउंड्रीत, ती वाळू, तो धूर. मेडिक्लेम नसेल तर अजून मिळतोय तोवर बघा, सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटी पण लागत नाही. आणि फॉर्मवर आधीचे आजार लपवू नका, एजंट म्हणेल लिहू नका, तो क्लेमच्या वेळी फोन उचलत नाही.

राहिले 4 लाख, 3 हातातले आणि 1 एफडीतला. हे पोराला द्या, म्हणजे पोराच्या मताला. एखादा साधा इंडेक्स फंड (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकामागे चालणारा) किंवा हायब्रिड फंड (थोडे शेअर, थोडे कर्जरोखे), वर्ष-दीड वर्षात हप्त्याहप्त्याने टाका आणि आठ-दहा वर्षं बघू नका. पोराला तुमच्या नावाने करू दे, त्याच्या नावाने नको, प्रेम कितीही असू दे.

हे कशासाठी? वहिनींच्या "गप बसा"मध्ये भर घालायची म्हटलं होतं ती ही. आज 26,000 मध्ये भागतंय. महागाई 6 टक्के धरली तर 12 वर्षांनी ह्याच किराण्याला, ह्याच औषधाला 52,000 लागतील, आणि तुमचं व्याज तेवढंच असेल, उलट कमी पण होईल. सीनियर सिटिझनचा दर 2020 ते 2022 मध्ये बराच काळ 7.4 टक्के होता हे लोक विसरले. पाच वर्षांनी तुमची मुदत संपेल तेव्हा तोच दर आला तर ह्याच 22 लाखांवर महिन्याला जवळजवळ दीड हजार कमी येतील. त्यामुळे 4 लाख वाढायला सोडायचे, आणि हे 4 लाख कमी आहेत हे पण मी मान्य करते. तुम्हाला खोटा धीर नाही देणार. दुसरा आधार म्हणजे भाडं, दोन-तीन वर्षांनी वाढवत जा, भिडेखातर तेच ठेवू नका, इथे पण तोच रोग आहे तुम्हाला, वरच्या खोल्यांचं 5,000 भाडं अनगोळात किती वर्षांपूर्वीचं आहे ते तुम्हीच सांगा. आणि तिसरं, पंचाहत्तरीनंतर मुद्दलाला हात लावायला घाबरू नका. आपल्याकडे मुद्दल म्हणजे देव्हाऱ्यातला टाक, त्याला हात लावायचा नाही. पोराला पुण्यात पगार आहे, पोरगी सुखात आहे, मुद्दल तुमच्या दोघांच्या म्हातारपणासाठीच आहे.

वहिनींना कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मीचे 2,000 येत असतील तर ते पण हिशोबात धरू नका, चांगली योजना आहे, पण सरकारी योजना आज आहे उद्या नाही, आली तर तेल-तुपाला. बायकांना बस फुकट आहे तोवर फिरून घ्या म्हणावं.

टॅक्सचं पटकन सांगते कारण तुमच्या बाबतीत त्यात फार काही नाही. व्याज, पेन्शन, भाडं सगळं धरून तुमचं उत्पन्न वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास जातंय, नवीन पद्धतीत 4 लाखांपर्यंत काही लागत नाही. पण एका बँकेतलं वर्षाचं व्याज 1 लाखाच्या वर गेलं की टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच टॅक्स, कापतात, आणि तुमचं 1,80,400 आहे. म्हणून दर एप्रिलमध्ये, पहिल्याच आठवड्यात, बँकेत जाऊन टीडीएस कापू नये म्हणून जो फॉर्म असतो तो द्या, सगळे त्याला 15एच म्हणतात, कॅलेंडरवर 1 एप्रिलच्या चौकटीतच लिहून ठेवा म्हणजे चुकणार नाही. विसरलात तर 18,000 कापून जातील आणि रिटर्न भरून परत मागत बसा.

आणि आता कागदपत्रं, हे जरा नीट वाचा, आपल्या सीमाभागातल्या माणसाचं हे वेगळंच दुखणं आहे. शाळेच्या दाखल्यावर मराठी नाव परशराम, पीएफच्या रेकॉर्डला कुणीतरी परशुराम केलेलं, आधार काढताना कानडी ऑपरेटरने इंग्रजीत शेवटी एक जादाचा ए लावलेला, पॅनवर आडनाव आधी, आणि पत्त्यात एकीकडे बेळगाव दुसरीकडे बेळगावी, 2014 च्या 1 नोव्हेंबरला सरकारी कागदावर नाव बदललं तेव्हापासून अर्धे कागद ह्या काठावर अर्धे त्या काठावर. जिवंतपणी ह्याने फार अडत नाही, माणूस समोर उभा असतो, सही करतो. माणूस गेला की अडतं. मी बँकेत असताना एक बाई आल्या होत्या, नवऱ्याच्या खात्यावर नॉमिनी म्हणून घरातलं लाडाचं नाव लिहिलेलं, आधारवर लग्नानंतरचं नाव, आणि माहेरच्या दाखल्यावर तिसरंच. तीन नावं एकाच बाईची हे कागदावर सिद्ध करायला त्यांना ॲफिडेव्हिट, नोटरी, दोन साक्षीदार, सहा खेपा. सगळे कानडीत बोलणारे, त्यांना कानडी येत नाही, मी मधे उभी राहून सांगत होते. म्हणून पैसे टाकायच्या आधी तुमचे आणि वहिनींचे आधार आणि पॅन समोरासमोर ठेवून अक्षर न अक्षर जुळवा, चूक असेल तर आधी दुरुस्ती मग फॉर्म. सीनियर सिटिझनला वहिनींना जॉइंट घ्या, नवरा-बायकोला ते चालतं, बायकोचं वय कमी असलं तरी चालतं, आणि नॉमिनेशन पण करा. फॉर्म कानडीत किंवा इंग्रजीत असेल आणि कळत नसेल तर तिथे मान हलवायची नाही, घरी आणून कुणाकडून तरी वाचून घ्यायचा. कोऱ्या फॉर्मवर फुली दाखवली तिथे सही हा प्रकार बंद.

बँकेत जाल तेव्हा अजून एक होईल. 29 लाख खात्यात दिसतायत म्हटल्यावर तुम्हाला आत केबिनमध्ये बोलावतील, पाणी देतील, आणि "सर, पाच वर्षं भरा, गॅरंटीड आहे" म्हणून विम्याचा कागद पुढे येईल. मी त्या खुर्चीवर बसलेय, टार्गेट असतं हो, त्या पोरीचा दोष नाही. तुम्ही फक्त म्हणायचं, सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीमचा फॉर्म द्या. दुसरं काही विचारलं तर परत तेच वाक्य म्हणायचं. आणि चुकून सही झालीच तर पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, हे लक्षात असू दे.

ईपीएसच्या पेन्शनमधली तुमच्यामागे वहिनींना निम्मी मिळेल, म्हणजे 2,100, भाडं राहील, व्याज राहील. तीन वर्षांनी त्यांना पण 60 होतील तेव्हा त्यांच्या नावावर स्वतंत्र सीनियर सिटिझन खातं काढता येईल, त्या वेळी 5 लाखांचं तुमचं खातं मोडून त्यांच्या नावावर करायचं का ते परत बघू, तेव्हाचा दर बघून, मला तेव्हा लिहा.

सोमवारी जा. अकराच्या आधी, गर्दी कमी असते. चेकबुक, दोघांचे आधार-पॅन, दोन-दोन फोटो. पाहुण्यांचा मधे फोन आला तर बँकेतून उचलू नका, पासबुकवर एंट्री पडली की मग तुम्हीच फोन करा आणि चहाला बोलवा.

आणि भिशीचं मी सांगितलं असं वहिनींना सांगू नका.